लोकर पांढरीच राहिली

त्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या दोन दुकानांच्या दारांवर लाल कागद लागले होते. कागदावर पोलीस ठाण्याचा चौकोनी शिक्का आणि खाली एकच ओळ: कोंबूत अपायकारक रंग सापडला, माल सील केला आहे.

सम्राट मेइजींच्या राजवटीचं त्रेचाळिसावं वर्ष, अकरावा महिना. ओसाकाच्या उत्सुबो बाजारात आमचं दुकान. कोंबू ही खायची समुद्री वनस्पती. उत्तरेच्या समुद्रातून वाळवून आलेली कोंबू आम्ही उकळून, दाबून, केसासारखी बारीक चिरून विकायचो. आमची हिरवी कोंबू प्रसिद्ध होती. नव्या वर्षाच्या जेवणात ती हवीच, त्यामुळे वर्षाची निम्मी विक्री त्याआधीच्या सहा आठवड्यांत व्हायची. माझे पती एइजिरो मालाच्या खरेदीसाठी उत्तरेला गेले होते. घरात मी, सासूबाई आणि नोकरमाणसं.

तिसरा कागद आमच्याच दारावर लागणार, असं समोरच्या दुकानाचा मालक कान्बेई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता. त्याच्या दारावरचा कागद अजून ओला होता. एकट्याने बुडण्यापेक्षा शेजाऱ्याचा हात धरून बुडणं माणसाला बरं वाटतं.

पोलीस ठाण्याचे आरोग्य तपासनीस कुराशिमा सकाळी आले. अंगात गणवेश, कमरेला तलवार. आत येताना ती दारातल्या टोपल्यांवर आपटली. त्यांनी कोंबूची जुडी उचलायला हात पुढे केला, तेव्हा सासूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "साहेब, आधी हात धुवा. लोकांच्या पोटात जायची वस्तू आहे."

माझ्या सासूबाईंचं नाव तोरा. साठीच्या, जेमतेम माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. अठ्ठाविसाव्या वर्षी विधवा झाल्या आणि तेव्हापासून दुकान त्यांनीच चालवलं. गल्लीतले लोक त्यांना घाबरत, पण तक्रार घेऊन त्यांच्याकडेच येत.

कुराशिमांनी हात धुतले. पुसायला आम्ही नवा रुमाल दिला. मग जुडी उजेडात धरून ते म्हणाले, "हा रंग समुद्रातला नाही."

"नाहीच मुळी. समुद्रातून येते ती काळपट. हिरवी होते आमच्या भट्टीघरात. सासऱ्यांच्या वेळेपासून."

"कशाने होते?"

"ते तुम्हाला सांगितलं तर उद्या समोरचे कान्बेई तेच करतील."

बाहेर जमलेल्यांत कोणीतरी हसलं. कुराशिमा हसले नाहीत. त्यांनी नियम सांगितला. नमुना प्रयोगशाळेत जाईल, उत्तर यायला बारा दिवस, तोवर सगळा हिरवा माल बंद.

बारा दिवस म्हणजे आमचा हंगाम गेला. सासूबाईंनी मला हाक मारली. "नुई, इकडे ये."

माझे वडील दोशोमाची पेठेत औषधांचे व्यापारी. लग्नाआधी मी औषधशास्त्राची सरकारी परीक्षा पास झाले होते आणि दीड वर्ष एका दवाखान्यात औषधं तयार करत होते. या घरात आल्यापासून माझं प्रमाणपत्र लग्नाच्या किमोनोखाली खणात पडून होतं. शेजारणींनी विचारलं तर सासूबाई सांगत, "शिकलीय थोडी." एखादीचा पाय किंचित लंगडतो हे ज्या सुरात सांगतात, त्याच सुरात. भट्टीघरात मला पाऊल टाकायची मुभा नव्हती. उकळायची कृती घरातल्या एकाच वारसाला सांगायची आणि तीही दुकान हाती देताना, अशी या घराची रीत. ती सासूबाईंना आणि भट्टी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या गिसुकेला माहीत होती. एइजिरोंनाही अजून नाही.

"ही सरकारी परीक्षा पास आहे," सासूबाई कुराशिमांना म्हणाल्या. "तुमच्या प्रयोगशाळेत जे करतात ते हिला इथे करू दे. तुम्ही नुसतं बघा."

"घरच्या माणसाची तपासणी मला धरता येत नाही."

"धरू नका. बघायला कुठला कायदा आड येतो?"

कुराशिमांनी माझ्याकडे पाहिलं. "कोणती पद्धत वापराल?"

"पांढरी लोकर," मी म्हणाले. "कोंबू पाण्यात उकळायची. त्या पाण्यात थोडं आम्ल घालून लोकर उकळायची. डांबरापासून केलेला रंग असेल तर लोकरीला चिकटतो, धुतला तरी जात नाही. पण तुलनेसाठी मला रंगवलेली कोंबूही लागेल. नाहीतर माझं आम्ल बरोबर आहे की नाही, हे तुम्हाला कसं कळणार?"

हे ऐकून त्यांनी वही उघडली. कान्बेईच्या सील केलेल्या पोत्यातून एक जुडी मागवली. कान्बेई कुरकुरला, पण तलवारीपुढे किती कुरकुरणार?

दुकानाच्या पुढच्या ओसरीवर मी दोन शेगड्या ठेवल्या. दोन सारखी भांडी, सारखं पाणी, वजन करून घेतलेली सारखी कोंबू. माझ्या पांढऱ्या मफलरच्या लोकरीचे दोन सारखे तुकडे. गल्ली गोळा झाली होती. इतक्या लोकांसमोर मी आयुष्यात कधी काही केलं नव्हतं, पण काम ओळखीचं होतं.

कान्बेईच्या भांड्यातून लोकर बाहेर आली ती भाताच्या रोपांसारखी हिरवीगार. मी ती तीनदा धुतली, तरी तशीच. आमच्या भांड्यातली लोकर धुतली आणि दोन बोटांत धरून वर केली. ती पांढरी होती.

"कान्बेई," सासूबाई म्हणाल्या, "तुमची लोकर घेऊन जा. थंडी येतेय, कानटोपीला होईल."

लोक खूप हसले. कुराशिमांनी वहीत लिहिलं: रंग आढळला नाही. नमुना त्यांनी तरीही घेतला, पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं म्हणून माल बंद केला नाही. नमुन्याच्या चिठ्ठीवर त्यांनी 'रंग' एवढाच शब्द लिहिला. प्रयोगशाळा विचारलेलं तेवढंच तपासते, हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानापुढे फलक लागला. रंगाऱ्याला सासूबाईंनी स्वतः मजकूर सांगितला होता. 'हिरवी कोंबू. कोणताही रंग नाही. सरकारी परीक्षा उत्तीर्ण औषधतज्ज्ञ नुई यांनी सर्वांसमोर तपासलेली.' माझं नाव वीतभर अक्षरांत. त्या दिवशी मी काही ना काही कारण काढून तीन वेळा फलकासमोरून गेले. गिऱ्हाइकं इतकी आली की चिरणाऱ्यांना जेवायला वेळ मिळेना. एक बाई मला पाहून दुसरीला म्हणाली, "हीच ती." सासूबाईंनी ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

परीक्षेची भांडी मी माझ्या खोलीतल्या फळीवर ठेवली होती. तिसऱ्या दिवशी ती धुवायला घेतली, तेव्हा आमच्या भांड्यातलं पाणी मी पहिल्यांदा नीट पाहिलं. ते अजून हिरवं होतं.

कोणतीही पालेभाजी व्हिनेगरमध्ये ठेवून पाहा. तासाभरात तिचा हिरवा रंग मरतो आणि ती मळकट होते. हे कळायला परीक्षा पास व्हावी लागत नाही, स्वयंपाकघर पुरतं. आमच्या कोंबूचं पाणी दोन दिवस आम्लात उभं होतं आणि ते ढिम्म हललं नव्हतं. रंग बाहेरचा नाही, हे लोकरीने सांगितलं होतं. मग आतल्या रंगाला धरून ठेवणारं काय होतं? परदेशी डब्यातले मटार वर्षभर हिरवे कसे राहतात, याबद्दल माझ्या पाठ्यपुस्तकात अर्धं पान होतं. ते मला आठवलं.

मी मूठभर कोंबू चिनीमातीच्या वाटीत जाळली. राख आम्लात विरघळवली, गाळली आणि त्यात शिवणाची स्वच्छ सुई सोडली. पेलाभर चहा पिऊन होईतो सुईवर गुलाबी-तांबूस थर चढला. मी दुसऱ्या जुडीची राख घेतली, नवी सुई घेतली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी सुईऐवजी तीव्र वासाचं अमोनियाचं पाणी घातलं आणि द्रव निळा झाला. फार सुंदर निळा. तो पाहून मला क्षणभर आनंद झाला, कारण उत्तर स्वच्छ होतं.

तांबं. सरकारी मनाईच्या यादीत तांबंही होतं.

एक संपूर्ण दिवस मी कोणाला काही बोलले नाही. हे इथे लिहून ठेवायला हवं. त्या दिवशीही फलक बाहेर होता, माझं नाव त्यावर होतं आणि लोक त्या नावावर विश्वासून जुड्या घरी नेत होते. मी बोलले नसते तर कोणालाही कळलं नसतं. लोकरीची परीक्षा खोटी नव्हती. ती फक्त एकाच प्रश्नाचं उत्तर देत होती, आणि मी सगळ्या प्रश्नांचं उत्तर दिल्यासारखी मिरवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडण्याआधी, मी दोन्ही सुया कागदावर ठेवून सासूबाईंसमोर सरकवल्या.

"आई, आपल्या कोंबूत तांबं आहे."

त्यांनी सुया पाहिल्या, पण उचलल्या नाहीत. "कालपर्यंत काही नव्हतं. आज तांबं आलं?"

"मी रंग शोधत होते. तांबं शोधलं नव्हतं."

"पन्नास वर्षं लोक खातायत. कोण मेलं?"

"कोणी मेलं असं मी म्हणत नाही. प्रमाण फार नाही. पण नियमात ते चालत नाही, आणि फलकावर मी लिहिलंय की मी तपासलंय."

"तू नाही लिहिलंस. मी लिहवलं."

"नाव माझं आहे."

त्यांनी गिसुकेला बोलावलं. गिसुके सत्तरीचा. उभं आयुष्य वाफेत गेल्याने त्याची कातडी लालसर झाली होती. सगळं ऐकून तो म्हणाला, "धाकट्या बाई, सुईचं काय ऐकता? सुईला कोंबू कळते होय?"

"सुईला कोंबू कळत नाही, गिसुकेसान. तांबं कळतं."

"औषधवाल्याची लेक. सगळ्यात विष दिसायचंच."

"पुरे," सासूबाई म्हणाल्या. "हिला भट्टीघरात घे."

मी पहिल्यांदा तो उंबरा ओलांडला. चार मोठ्या तांब्याच्या कढया, आरशासारख्या घासलेल्या. त्यांत माझा चेहरा दिसत होता. दारातच मला वास आला, तांदळाच्या व्हिनेगरचा. कोपऱ्यात लाकडी पिपांत कोंबू त्यातच भिजत होती. गिसुके रोज पहाटे मीठ आणि व्हिनेगर लावून कढया घासत असे. भिजलेली कोंबू निथळून थेट कढईत टाकायची, उकळायची आणि कढईतच निवू द्यायची. रात्रभर. जितकी निवेल तितकी हिरवी. हीच ती कृती. दुसरं काही नव्हतं.

मी विचारलं, "कढयांना आतून कल्हई कधीच केली नाही?"

"कल्हई केली की हिरवी होत नाही," सासूबाई म्हणाल्या. "सासऱ्यांनी एकदा करून पाहिली होती. सगळा माल काळपट झा..."

त्या थांबल्या.

गिसुके कढईकडे बघत होता. पिपातून व्हिनेगर ठिबकत होतं.

"आंबट तांब्यात ठेवू नये, कळकतं. मी सात वर्षांची असताना माझ्या आईने मला शिकवलं," सासूबाई म्हणाल्या. "आणि मी बत्तीस वर्षं इथे उभी राहून तेच करतेय. कळकवून विकतेय."

तरीही त्यांनी परीक्षा करायला लावली. एक जुडी लोखंडी भांड्यात उकळवली, एक तांब्याच्या. दोन्हींची राख, दोन सुया. दुपारी त्यांनी तांबूस झालेली सुई उचलली, कढईच्या काठाला टेकवली आणि दोन्ही रंग शेजारी शेजारी पाहिले. लोखंडी भांड्यातली कोंबू चिंचोक्यासारखी तपकिरी झाली होती. त्यांनी तिचा एक तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि गिसुकेलाही दिला.

"चव?"

"तीच आहे," गिसुके नाइलाजाने म्हणाला. मग हळूच म्हणाला, "मालकीणबाई, कळणार कोणाला आहे? नवं वर्ष होऊ दे. मग बदलू."

"मला कळलंय ना. मी कोणीच नाही का?"

त्यांनी घराण्याचं चिन्ह असलेला काळा हाओरी अंगावर चढवला. हा झगा त्या लग्नाला आणि मयताला घालत. मी म्हणाले की ठाण्यावर मी जाते, चूक माझ्या तपासणीत होती.

"दुकान माझं आहे," त्या म्हणाल्या. "तू सुया घे."

ठाण्यावर कुराशिमा डब्यातला भात खात होते. आम्हाला पाहून त्यांनी डबा झाकला आणि कागद पुढे ओढला.

"तक्रार कोणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

"तक्रारदार?"

"मीच."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "असा छापील कागद आमच्याकडे नाही."

"मग कोरा घ्या."

मी सुया दाखवल्या, कृती सांगितली, प्रमाण सांगितलं. ते मध्ये मध्ये नेमके प्रश्न विचारत होते. तपासनीस म्हणून ते चांगले होते, फक्त त्यांना एका वेळी एकच गोष्ट शोधायला सांगितलेलं होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "तुम्हाला शंका कधी आली?"

"पाणी हिरवंच राहिलं तेव्हा. तिसऱ्या दिवशी."

"आणि खात्री?"

"त्याच दिवशी संध्याकाळी. त्यानंतर एक दिवस मी गप्प बसले."

त्यांनी तेही लिहिलं. सासूबाई वाकून कागद वाचत होत्या. "हे कशाला?"

"त्या सांगतायत म्हणून."

मी मान खाली घातली. सासूबाई ताठ बसल्या. "लिहा तर. आमच्या घरची सून अर्धं सांगत नाही."

तीन वर्षांत त्यांनी माझ्याबद्दल माझ्यासमोर काही चांगलं बोलण्याची ती पहिली वेळ. आणि ती पोलीस ठाण्यात यावी, सरकारी कागदावर.

हिरवा माल नष्ट करायचा, विकलेला शक्य तितका परत घ्यायचा, कढया तपासून होईपर्यंत भट्टी बंद, असा हुकूम झाला. कुराशिमा उठून उभे राहिले आणि आम्हाला वाकून नमस्कार केला. त्यांच्या मागे बसलेल्या कारकुनाने ते पाहिलं आणि गडबडीने तोही उठला.

त्या वर्षी हंगामात आम्ही तपकिरी कोंबू विकली. नेहमीच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच गेली. काही जुनी उपाहारगृहं सुटली, त्यांतली दोन पुढे परत आली आणि बाकीची आलीच नाहीत. वसंतात कुराशिमांनी मला बोलावणं पाठवलं. गल्लीतल्या सगळ्या कढया त्यांच्याबरोबर मी तपासल्या, सुई घेऊन. नऊ दुकानांत तांबं निघालं. पुढे वीस वर्षं मी हेच काम केलं, आधी गल्लीत आणि मग शहरात. पण त्या सगळ्या वर्षांतलं मला सर्वांत स्पष्ट आठवतं ते ठाण्यावरून परत येणं.

बातमी आमच्या आधी पोचली होती. दुकानादुकानांच्या पडद्यांआडून लोक बघत होते. मी सवयीप्रमाणे सासूबाईंच्या तीन पावलं मागे होते. कान्बेई रस्त्यात येऊन उभा राहिला.

"काय तोराबाई, बेड्या नाही घातल्या?"

"माझ्या मापाच्या नव्हत्या त्यांच्याकडे," सासूबाई चालता चालता म्हणाल्या. "तुमच्या होत्या."

मग त्या गल्लीच्या मधोमध थांबल्या आणि मागे वळल्या. "मागून काय येतेस? मला ऐकू येत नाही."

मी पुढे झाले आणि त्यांच्या शेजारून चालू लागले.

"लोखंडी कढया कुठून घ्यायच्या?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, दोन्ही बाजूच्या दुकानांना ऐकू जाईल एवढा.

"साकाईच्या ओताऱ्यांकडून. पण व्हिनेगरने लोखंड गंजतं. आधी आतून मुलामा देतात का ते विचारावं लागेल."

"मोठ्याने बोल."

"मुलामा हवा," मी मोठ्याने म्हणाले. "आणि तो दर सहा महिन्यांनी तपासायला हवा."

"कोण तपासणार?"

"मी."

"ऐकलंत?" सासूबाईंनी कोणाकडेही न बघता विचारलं आणि आम्ही दुकानाच्या पायऱ्या चढलो.